लाल ठिपक्यांच्या बाजूने

व्हीलचेअरने कुठे जाता येते आणि कुठे येत नाही, याचा नकाशा लोकांनीच मिळून तयार करावा का? हा वाद पुन्हा पुन्हा निघतो आणि दर वेळी त्याच दोन खुंट्यांना बांधलेला राहतो. एका बाजूला उत्साही मंडळी असतात: स्वयंसेवक जमवा, मोबाइलवर ॲप घ्या, आठवड्याभरात सगळे शहर नोंदवून टाका. दुसऱ्या बाजूला संतापलेली मंडळी: हे शासनाचे काम आहे, ते आम्ही फुकट का करायचे, आणि नकाशा काढल्याने एक तरी पायरी तुटते का? दोघांचेही ऐकून घेतले की लक्षात येते, नकाशा ही एक सोय आहे हे दोघांनीही गृहीत धरलेले आहे. एकाला ती सोय पुरेशी वाटते, दुसऱ्याला ती तोंडाला पाने पुसणारी वाटते. माझ्या मते हे गृहीतच चुकीचे आहे. हा नकाशा म्हणजे पुरावा आहे. त्याच्याकडे पुरावा म्हणून पाहिले, तर ‘इथे जाता येते’ सांगणाऱ्या हिरव्या ठिपक्यांपेक्षा ‘इथे जाता येत नाही’ सांगणारे लाल ठिपके जास्त मोलाचे ठरतात. आणि आज सर्वांत जास्त हेळसांड होते आहे ती त्यांचीच.

आधी या नकाशाची घडण पाहू. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला, कुणालाही भर घालता येईल असा जगाचा नकाशा. त्यात ग्रंथालय, दवाखाना, बँक अशा कोणत्याही ठिकाणाला व्हीलचेअरविषयी एक शेरा जोडता येतो: होय, मर्यादित किंवा नाही. याच नोंदींच्या आधारावर बर्लिनच्या सोत्सियालहेल्डन या संस्थेने २०१० मध्ये व्हीलमॅप सुरू केला. संस्थेचे एक संस्थापक राऊल क्राउटहाउझेन स्वतः व्हीलचेअर वापरतात. व्हीलमॅपवर हिरवा म्हणजे दारात पायरी नाही आणि आतल्या खोल्यांमध्येही नाही. मधला रंग म्हणजे दारात फार तर एक पायरी, तीही ७ सेंटिमीटरपेक्षा उंच नाही, आणि महत्त्वाच्या खोल्यांपर्यंत पोहोचता येते. लाल म्हणजे प्रवेश नाही. राखाडी म्हणजे कुणी पाहिलेलेच नाही. स्वच्छतागृहाची नोंद वेगळी असते, कारण दारातून आत जाता आले म्हणजे तिथे दोन तास थांबता येईलच असे नसते. पुढे मोठ्या कंपन्याही आल्या. आपल्या नकाशावर दीड कोटीहून अधिक ठिकाणांची व्हीलचेअरविषयक माहिती असल्याचे गूगलने मे २०२० मध्ये जाहीर केले. जगात सुमारे ८ कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे हा खेळ चार हौशी माणसांचा राहिलेला नाही, आणि म्हणूनच त्याच्याविरुद्धचे आक्षेप गांभीर्याने घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप खरेपणाचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. माझी एक मैत्रीण व्हीलचेअर वापरते. कुठेही जायच्या आधी ती फोन करून विचारते, ‘दारात पायऱ्या आहेत का?’ एकदा उत्तर आले, ‘छे, सगळे सपाट आहे.’ आम्ही पोहोचलो तर दारात पायरी. फोनवर बोललेला माणूस बाहेर आला आणि अगदी मनापासून म्हणाला, ‘अहो, एकच तर पायरी आहे!’ तो खोटे बोलला नव्हता. चालणाऱ्या माणसाच्या पायाला एक पायरी ही पायरी म्हणून जाणवतच नाही. तीन-चार झाल्या की मगच तो त्यांना ‘पायऱ्या’ म्हणतो. हाच माणूस उद्या हौसेने नकाशात नोंद करायला बसला, तर तो त्या जागेला हिरवा ठिपकाच देणार. आणि खोटा हिरवा ठिपका काहीच माहिती नसण्यापेक्षा वाईट. माहिती नसेल तर माणूस चौकशी करतो, दुसरा बेत हाताशी ठेवतो. खोट्या ठिपक्यावर विसंबून निघालेला माणूस दारापर्यंत येतो, चार जण ‘उचलू का?’ म्हणत भोवती जमतात, आणि नकार द्यावा तर आपणच आडमुठे ठरतो. ज्यांनी हा प्रसंग कधी अनुभवलेला नाही, त्यांनी ‘थोड्याफार चुका चालायच्याच’ असे म्हणू नये.

शिवाय ‘जाता येते’ म्हणजे कुणाला? हलकी, हाताने ढकलायची खुर्ची आणि दणकट हात असलेला तरुण मागच्या चाकांवर तोल सांभाळत लहानशी पायरी चढून जाईल. बॅटरीवर चालणारी खुर्ची माणसासकट दीड-दोनशे किलोंच्या घरात जाते. ती उचलायची म्हटली तरी उचलवत नाही. एकाला हिरवे असलेले दार दुसऱ्याला लालच. मग तीन रंगांत जग कसे बसवायचे?

इथे आक्षेप घेणारे थांबतात आणि म्हणतात, बघा, सामान्य लोकांच्या भरवशावर हे काम होणारच नाही. मला मात्र वाटते की दोष लोकांचा नाही, आपण त्यांना विचारलेल्या प्रश्नाचा आहे. ‘इथे व्हीलचेअर जाईल का?’ हे विचारणे म्हणजे मत मागणे. ज्याने आयुष्यात कधी त्या खुर्चीत बसून दार ओलांडलेले नाही, त्याच्याकडे असे मत नसतेच. तो अंदाज ठोकतो. पण ‘पायरी किती सेंटिमीटर उंच आहे?’ याचे उत्तर टेप लावून कुणालाही देता येते. दाराची मोकळी रुंदी किती? ८० सेंटिमीटर भरली तर बहुतेक खुर्च्या जातात. आत वळायला दीड मीटर बाय दीड मीटर जागा आहे का? रॅम्प असेल तर किती लांबीत किती चढतो? सर्वसाधारण मान्य प्रमाण १ ला १२ आहे. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीसाठी रॅम्प किमान १८० सेंटिमीटर लांब हवा. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी दोन-अडीच फुटांची फळी तिरकी टाकलेली असते आणि तिलाच रॅम्प म्हणतात. त्या फळीवरून खुर्ची मागे उलटू शकते. मत मागितले तर त्या फळीला हिरवा ठिपका मिळेल. माप मागितले तर फळी उघडी पडेल. आणि मापे नोंदलेली असली की ‘कुणाला?’ या प्रश्नाचेही उत्तर मिळते, कारण आपल्या खुर्चीला काय झेपते हे ज्याचे त्याला पक्के ठाऊक असते. निर्णय त्याचा, मोजणी आपली.

ही विभागणी नवी नाही. संपादक जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशासाठी सामान्य वाचकांना आवाहन केले. चिठ्ठ्यांचा पाऊस पडला आणि त्यांतून उभ्या राहिलेल्या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला, शेवटचा १९२८ मध्ये. हजारो अनोळखी माणसांच्या हातून इतके नेमके काम कसे झाले? मरे यांनी त्यांना शब्दाचा अर्थ विचारलाच नव्हता. शब्द ज्या वाक्यात सापडला ते वाक्य जसेच्या तसे, पुस्तकाचे नाव, साल आणि पान, एवढेच मागितले होते. अर्थ लावण्याचे काम त्यात मुरलेल्यांचे. लोकसहभागाची प्रत ठरते ती काय मागितले यावरून. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पायऱ्यांची संख्या, दाराची रुंदी, फुटपाथची कड उतरती आहे की उभी, रस्त्याचा चढ, पृष्ठभाग, शेवटची पडताळणी कधी झाली, या सगळ्यांसाठी जागा आजही आहे. मोहिमा काढणारे ती भरत नाहीत, कारण रंग निवडणे एका टिचकीचे काम आहे आणि मोजायला वाकावे लागते.

आता दुसरा आक्षेप. तो अधिक वजनाचा आहे. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात नववे कलम सुगम्यतेचे आहे. त्यातली जबाबदारी करार मान्य केलेल्या राष्ट्रांवर टाकलेली आहे, शनिवार-रविवार मोकळा असलेल्या स्वयंसेवकांवर नव्हे. मग अडथळे शोधायचे कामही त्यांनीच करू नये का? त्यातही हे काम बहुतेकदा ज्यांची वाट अडवली आहे त्यांच्याच माथी येते: आधी दारात अडकायचे आणि मग घरी जाऊन त्या दाराची नोंद करायची. शासन मात्र लोकांनी तयार केलेल्या ॲपच्या उद्घाटनाला येते, छायाचित्र काढून घेते आणि निघून जाते. हा राग रास्त आहे, आणि त्यावर ‘सकारात्मक विचार करा’ असे सांगणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो.

पण या रागातून जो निष्कर्ष काढला जातो, की नकाशा सोडा आणि कायद्यासाठी लढा, तो मला टिकाऊ वाटत नाही. कायद्याची लढाई शेवटी याद्यांवरच लढली जाते. अमेरिकेतल्या बर्कली शहराकडे बघा. तिथल्या अपंग विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी फुटपाथच्या कडा उतरत्या करण्याची मागणी लावून धरली, आणि १९७१ मध्ये नगरपरिषदेने ती मान्य केली. ‘शहर सुगम्य करा’ ही मागणी कुणालाही मान्य करता येते आणि कुणालाही विसरता येते. ‘अमुक रस्त्याच्या अमुक कोपऱ्यावरची कड उतरवा’ ही मागणी विसरता येत नाही, कारण तो कोपरा रोज तिथेच असतो. अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्व कायद्याखालचे नियमही हेच सांगतात: पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या सार्वजनिक संस्थेने आपल्या इमारतींतले अडथळे शोधून त्यांची यादी करावी आणि ते कधी दूर होतील याचे वेळापत्रक द्यावे. म्हणजे कायद्याच्या पोटातच नकाशा आहे. प्रश्न इतकाच उरतो की ती यादी कुणाच्या हातात असावी. जिच्याकडे थकबाकी आहे तिच्याच वहीत तिचा एकमेव हिशेब ठेवायचा का?

अमेरिकेतल्याच सॅक्रामेंटो शहराच्या खटल्यात २००२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने फुटपाथ हीसुद्धा शहराने पुरवायची सेवा आहे आणि ती अपंगांना वापरता आली पाहिजे, असा निर्णय दिला. पुढे झालेल्या तडजोडीत शहराने वाहतूक निधीचा पाचवा हिस्सा तीस वर्षांपर्यंत या कामासाठी बाजूला काढण्याचे कबूल केले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याखालचा सुगम्यतेविषयीचा नियम रद्दबातल ठरवला. नुसत्या शिफारशीवजा सूचना पुरेशा नाहीत, बंधनकारक मानके हवीत, असे न्यायालयाने सांगितले. दोन वेगळे देश आणि दोन वेगळे कायदे, पण मुद्दा एकच: मोजता न येणारे कर्तव्य टाळता येते. बंधनकारक मानक आले की दुसऱ्याच दिवशी प्रश्न उभा राहतो, ते किती दारांनी पाळले? त्या दिवशी हाताशी लाल ठिपक्यांची मोजलेली, तारीखवार नोंद असेल तर कायद्याला दात येतात. शासनाने ही मोजणी करावी, तिच्यावर खर्च करावा, हे मी म्हणतोच. पण ते करेपर्यंत आपण वही कोरी ठेवू, असे म्हणणे म्हणजे समोरच्याला हवे तेच करणे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. तो असा की, अशा नकाशामुळे अपंग माणसाचे जग आखून दिले जाते. हिरव्या ठिपक्यांपुरते हिंडा, बाकीचे शहर तुमचे नाही. आणि बाकीच्यांनाही वाटू लागते, झाली की यांची व्यवस्था. या आक्षेपाला इतिहासात जोड आहे. न्यूयॉर्कमधले कृष्णवर्णीय पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ मध्ये एक छोटी पुस्तिका काढली. कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठे खोली मिळेल, कुठे जेवायला बसू देतील, कुठे गाडीत इंधन भरून मिळेल, याची ती यादी होती. अमेरिकेतल्या किती दारांवर त्यांना अपमान करून हाकलले जाई, हे लक्षात घेतले की या यादीचे मोल कळते. वाचक आपले अनुभव कळवत आणि यादी वाढत जाई. ती सुमारे तीन दशके निघत राहिली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक जागी वंशभेद करण्यास बंदी घातली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत पुस्तिका थांबली. आपली पुस्तिका लागणारच नाही असा दिवस यावा, अशी आशा तिच्या प्रस्तावनेतच व्यक्त केलेली होती.

या पुस्तिकेने वंशभेद सुसह्य केला आणि म्हणून लढा लांबला, असे कुणाला म्हणावेसे वाटेल का? प्रवास तर त्या लोकांना करायचाच होता. आजारी आईला भेटायला निघालेल्या माणसाला ‘कायदा होईपर्यंत थांब’ असे कोण सांगणार? व्हीलचेअर वापरणाऱ्यालाही आजच, संध्याकाळी, दवाखाना गाठायचा असतो. तेव्हा हिरव्या ठिपक्यांची गरज मी नाकारत नाही. मात्र या तुलनेत एक फरक आहे आणि माझा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. त्या पुस्तिकेत फक्त स्वागत करणारी दारे होती. ज्यांनी नाकारले त्यांची नावे त्यात नव्हती, आणि त्या काळात ती छापणे किती धोक्याचे झाले असते याची कल्पना करता येते. आजच्या नकाशात नाकारणारी दारेही येतात. बंद दारांची जाहीर, सर्वांना पाहता येणारी नोंद ठेवण्याची ताकद त्या पिढीला नव्हती, ती आपल्याला मिळाली आहे. आणि आपण ती वापरायला लाजतो आहोत.

लाजतो, हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. मोहिमांचे अहवाल पाहा. ‘इतकी सुगम्य ठिकाणे शोधली’ हा आकडा ठळक असतो. किती ठिकाणी जाता आले नाही, हे शोधावे लागते. स्वयंसेवक पायऱ्या दिसल्या की पुढच्या दाराकडे वळतो, कारण ‘इथे नोंदण्यासारखे काही नाही’ असे त्याला वाटते. परिणामी लाल असायला हवा तो ठिपका राखाडी राहतो, आणि राखाडी ठिपक्याची कुणालाच लाज वाटत नाही. जागेचे मालक म्हणतात, लाल ठिपक्याने आमची बदनामी होते. ‘दारात एक पायरी, १६ सेंटिमीटर’ हे वाक्य बदनामी कसे ठरेल? ते दाराचे वर्णन आहे. त्यातला एक शब्दही बदलायचा असेल तर दार बदलावे लागते. काही चांगले मालक लाल ठिपका पाहूनच कामाला लागतात, कारण त्यांनाही ती पायरी आजवर दिसलेली नसते. म्हणून ठिपका हिरवा झाला तरी जुनी लाल नोंद पुसली जाऊ नये, असे मला वाटते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक बदलाचा इतिहास तारखेसह राहतोच. कोणते दार कधी उघडले हेही त्यातून कळते, आणि कोणते वर्षानुवर्षे तसेच राहिले हेही.

मोठ्या कंपन्यांच्या नकाशांबद्दल एवढेच: त्यांचा पसारा मोठा आहे, आणि ज्याच्या मोबाइलमध्ये तेच ॲप आहे त्याला त्याचा उपयोग होतो, हे मान्य. पण तिथे माहिती देणारे आपण आणि मालकी त्यांची. सगळ्या शहराची नोंद उतरवून घेऊन न्यायालयापुढे किंवा नगरपालिकेपुढे ठेवायची म्हटली, तर ती आपल्या हाती नसते. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती खुल्या परवान्याखाली आहे. कुणीही ती घ्यावी, मोजावी, पुन्हा छापावी. श्रम फुकटच द्यायचे असतील तर ते जिथे सर्वांचे राहतील तिथे द्यावेत.

दोन दारांमधल्या रस्त्याचे काय, हा प्रश्नही या वादात जवळजवळ कुणी विचारत नाही. दुकान हिरवे आणि समोरच्या फुटपाथची कड वीतभर उंच, तर तो हिरवा रंग कुणासाठी? अमेरिकेतल्या प्रोजेक्ट साइडवॉक या विद्यापीठीय प्रकल्पात लोकांनी रस्त्यांची छायाचित्रे घरबसल्या पाहून फुटपाथवरच्या खुणा केल्या. एकट्या वॉशिंग्टन डीसीमध्ये अशा दोन लाखांहून अधिक खुणा जमल्या. छायाचित्र जुने असू शकते, चढाचा नेमका अंदाज त्यावरून येत नाही, हे खरेच. तरीही अडथळ्याचे एकक म्हणजे फक्त दार नव्हे, वाट आहे, हे या कामाने दाखवून दिले. लिफ्टचेही तसेच. ती आहे की नाही हे वर्षातून एकदा नोंदता येईल. ती आज चालू आहे का, हे तासातासाला बदलते, आणि ते ज्याच्या ताब्यात लिफ्ट आहे त्यानेच सांगायला हवे. तिथे स्वयंसेवकांना उभे करणे हा खरोखरच अन्याय आहे.

म्हणून पुढच्या मोहिमेकडून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक जोडीकडे टेप असावा. शक्य तिथे जोडीतला एक जण व्हीलचेअर वापरणारा असावा, आणि काय नोंदायचे याचा शेवटचा शब्द त्याचा असावा. शोभेसाठी त्याला सोबत नेऊ नये. ज्या दारात जाता आले नाही तिथे थांबून कारण लिहावे. मोहीम संपल्यावर हिरव्यांची संख्या जाहीर करण्याआधी लालांची यादी मापांसह जबाबदार कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. सहा महिन्यांनी त्याच दारांवर पुन्हा जावे.

‘एकच तर पायरी’वाल्या त्या दारी मी नंतर टेप घेऊन गेलो. पायरी ११ सेंटिमीटरची आहे. १ ला १२ या प्रमाणाने १३२ सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागेल, आणि दारासमोर तीन मीटरपेक्षा जास्त मोकळी जागा आहे. फोनवर बोललेले गृहस्थ शेजारी उभे राहून पाहत होते. टेपवरचा आकडा त्यांनीच वाचून सांगितला. मी तो तारखेसह नोंदवला. ठिपका अजून लाल आहे.